नागपुरातला नाश्ता आणि लपलेला गहू: या चुका टाळा

सीलिअ‍ॅकचं निदान झाल्यावर (या आजारात गहू-जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होते) पोळी सोडणं त्या मानाने सोपं गेलं. सकाळचा बाहेरचा नाश्ता मात्र वर्षभर चुकतच राहिला, आणि पहिली चूक माझ्या प्रश्नातच होती.

"भाऊ, यात गहू आहे का?" "नाही ना जी." आणि समोर उपमा! तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी गहू म्हणजे पोत्यातला दाणा. रवा वेगळा, मैदा वेगळा. तेव्हापासून मी नावं घेऊन विचारते: रवा, मैदा, कणीक, सोजी. इडलीत उलटा घोळ असतो. इडली रवा तांदळाचा असतो, रवा इडली गव्हाची. साध्या डोशाच्या पिठातही कुरकुरीतपणासाठी कुणी मूठभर रवा घालतं, आणि तवा तर रवा डोशाचाच असतो.

सांबाराची गंमत आपल्याकडचीच. बाहेरगावच्या पाहुण्याला सांबारवडी म्हटलं की इडलीसोबतचं वाटीतलं सांबार आठवतं; आपला सांबार म्हणजे कोथिंबीर. ही वडी बेसनाची समजून मी निर्धास्त खाल्ली होती. नंतर एका दुकानात ती करताना पाहिली: आत सांबार, खोबरं, खसखस, आणि बाहेरच्या पारीसाठी बेसनात चांगला दोन मुठी मैदा, म्हणजे लाटताना फाटत नाही. वरून बघून हे कळायचं नाही.

तर्री पोह्यात, म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा घातलेल्या पोह्यात, पोहे तांदळाचे, चणे निर्धोक. गोम हिंगात आहे. बाजारातल्या पुडीतलं हिंग डिंक आणि पिठात कालवलेलं असतं, आणि ते पीठ बऱ्याचदा मैद्याचंच. प्रमाण चिमूटभर, पण आपल्याकडच्या अन्न नियमांनुसार 'ग्लुटेनमुक्त' म्हणायला किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, तेव्हा चिमूटही मोजावी लागते. शक्य असेल तर पुडी दाखवायला सांगा. मिक्स फरसाण नकोच, त्यात मैद्याच्या पापड्या असतात.

आणि कढई. साबुदाणा वडा उपवासाचा असला तरी तो समोशाच्या तेलातून, समोशाच्याच झाऱ्याने बाहेर येतो. तळल्याने ग्लुटेन नष्ट होत नाही. सकाळी लवकर जाऊन बघितलं, समोसे पडायच्या आधी. पण तेल कालचंच असेल तर लवकर जाऊन काय उपयोग? दुधासोबत मिळणाऱ्या माल्टच्या पावडरीत जव असतो, तोही वर्ज्यच.

हल्ली धरमपेठेतल्या एका टपरीवर नुसते पोहे घेते: तर्री नाही, फरसाण नाही, वर सांबार, फल्लीदाणे, लिंबू. परवा नेहमीची यादी विचारली, तर दादा म्हणाले, "रवा-मैदा काही नाही जी यात, पण हात समोशाचेच आहेत." मग त्यांनी बादलीतल्या पाण्याने हात धुतले, चमचा वेगळा घेतला आणि प्लेट भरली.