लिस्बन पायी बघायचं तर नदीपासून सुरुवात करा

लिस्बनला गेलात की जो तो तुम्हाला आधी टेकडीवरच्या साँ जोर्जे किल्ल्यावर न्यायला बघेल. पहिल्या दिवशी तिकडे जाऊ नका. आपण किनाऱ्यावरची माणसं. तिथून सुटलेली जहाजं आपल्याच बंदरांना येऊन लागली, तेव्हा आपण ते शहर पाण्याकडून आत शिरत बघायचं. मी रेवदंड्याची. आमची वाडी आगरकोटाच्या आत, पोर्तुगीज तटाला लागून. धाकटा मुलगा लिस्बनला नोकरीला आहे. त्याच्याकडे गेले की मी याच वाटेने चालते, आणि आमच्याकडे उतरलेलं कुणी तिकडे निघालं असेल तर त्यांनाही हीच वाट सांगते.

निघण्याआधी एक सकाळ आगरकोटात काढा. सातखणी मनोरा आणि पडक्या चर्चच्या भिंती डोळ्यांत साठवून घ्या. जमलं तर खाडीपलीकडे कोर्लईलाही जाऊन या, तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून आलेली बोली अजून बोलतात.

तिकडे मंगळवार ते शनिवारातला दिवस धरा. सोमवारी नदीकाठच्या बेलें भागातला जेरोनिमस मठ बंद, रविवारी कार्मोचं संग्रहालय बंद. बूट रबरी तळव्याचेच हवेत. फुटपाथचे चुनखडीचे दगड पायांनी घोटून गुळगुळीत झालेत, पावसाची सर आली की ते पाखाडीसारखे निसरडे होतात.

सकाळी लवकर पंधरा नंबरच्या ट्रामने बेलेंला जा आणि नदीकाठच्या मनोऱ्यापासून चालायला लागा. आत शिरायची गरज नाही, बाहेरूनच वायव्येकडच्या छोट्या बुरुजाच्या पायाशी बघा. तिथे एक गेंड्याचं तोंड कोरलंय. वाऱ्यापाण्याने इतकं झिजलंय की आधी दगडाचा गोळाच वाटतो, मग हळूहळू डोकं दिसायला लागतं. तो गेंडा आपल्याकडचा. हिंदुस्थानातला पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याने गुजरातच्या मुझफ्फर शहाकडे दीवला किल्ला बांधायची परवानगी मागितली. सुलतानाने परवानगी दिली नाही, गेंडा दिला. १५१५ च्या मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. राजा मानुएलने त्याची हत्तीशी झुंज लावली तेव्हा हत्ती पळून गेला. मग राजाने गेंडा पोपला नजराणा म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून बिचारा मेला. मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट इथेच, त्या दगडाखाली उभं राहून सांगा.

काठाकाठाने पुढे आलात की दर्यावर्दींचं उंच स्मारक लागतं. ते प्राचीन वाटतं, पण दगडात उभं राहिलं १९६० मध्ये, सालाझारच्या हुकूमशाहीत. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्त झाला. जमिनीवरच्या नकाशात आपला किनारा शोधा, मग भुयारी वाटेने रस्ता आणि रेल्वे ओलांडून जेरोनिमस मठात जा. त्या रस्त्याचं नावच 'आवेनिदा दा इंडिया' आहे.

मठाला तासभर तरी द्या. १५०१ च्या सुमाराला काम सुरू झालं आणि पैसा आला तो आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या सुमारे पाच टक्के करातून. मिरी, दालचिनी आणि लवंगेवरचा कर मात्र त्यातून वगळलेला, तो थेट राजाकडे जायचा. खांबांवर जहाजाचे दोर कोरलेत, त्यांची पीळदार गाठ बोट फिरवून बघावीशी वाटते. चर्चमध्ये शिरताच डाव्या हाताला वास्को द गामाची कबर, उजवीकडे कवी कामोंइशची. गामा पहिल्यांदा १४९७ मध्ये याच काठावरून निघाला आणि कालिकतला पोचला, हे शाळेत सगळेच शिकतात. पण १५२४ मध्ये तो व्हाइसरॉय होऊन तिसऱ्यांदा आला तेव्हा आधी आमच्या चौलला लागला, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी तो कोचीला वारला. त्या कबरीसमोर उभं राहून मला दर वेळी चौलची खाडी आठवते.

त्याच ट्रामने परत प्रासा दु कोमेर्सियु या नदीकाठच्या मोठ्या चौकात या. इथे राजवाडा होता आणि त्याला लागून हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी, काझा दा इंडिया. १ नोव्हेंबर १७५५ चा भूकंप, मागोमाग समुद्राची लाट आणि आग, यांत दोन्ही गेलं. आता मधोमध राजा जुझेचा घोड्यावरचा पुतळा आहे. त्याच्या चौथऱ्यावरचा हत्ती चुकवू नका. कमानीपलीकडचे सरळसोट रस्ते भूकंपानंतर आखलेले आहेत. तिथे रेंगाळू नका, दुकानंच आहेत.

रोसियो चौकात मात्र थांबा. आज थिएटर आहे तिथे इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता. १५६० मध्ये गोव्यात सुरू झालेलं न्यायपीठ लिस्बनच्या वरिष्ठ मंडळाला बांधील होतं, आणि वसई-चौलची माणसं त्या गोव्याच्या पीठाच्या कक्षेत यायची. शेजारी साँ दोमिंगुश चर्च, १९५९ च्या आगीने तडकलेले खांब तसेच ठेवलेत. बाहेर १५०६ मध्ये कत्तल झालेल्या ज्यूंचं स्मारक आहे. इथे फोटो काढण्याआधी दोन मिनिटं नुसतं उभं राहा.

शेवटचा चढ कार्मोचा. सांता जुस्ताच्या लिफ्टच्या नादी लागू नका, पायऱ्यांनी चढा. भूकंपात छप्पर गेलेलं चर्च, म्हणजेच ते कार्मोचं संग्रहालय, तसंच उघडं आहे, वर नुसत्या कमानी. त्याच्या समोरच्या चौकात २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांनी पंतप्रधान कायतानुला शरण यायला लावलं आणि हुकूमशाही संपली. त्यानंतर आलेल्या सरकारने त्याच वर्षाअखेर गोवा भारताचा असल्याचं कागदोपत्री मान्य केलं. किल्ला आणि आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्या दुसऱ्या दिवशी सकाळी करा, तोवर पायही जरा हलके झालेले असतात.