कार्ल्याच्या चैत्यगृहाचे छायाचित्रण दुपार कलल्यावर करावे

लोणावळ्याजवळील कार्ल्याच्या लेण्यांतले मोठे चैत्यगृह, म्हणजे खडकात कोरलेले बौद्ध प्रार्थनागृह, पश्चिमाभिमुख असल्यामुळे तेथे सकाळी पोहोचण्याची घाई करू नये. ऊन दर्शनी कमानीतून आत शिरते ते दुपार कलल्यावर, आणि तेव्हाच स्तंभांच्या माथ्यावरचे गुडघे टेकलेले हत्ती व त्यांच्यावर बसलेली जोडपी खऱ्या अर्थाने उठून दिसतात. कमान अतिशय उजळ आणि आतला भाग काळोखा, ही तेथील मुख्य अडचण आहे. म्हणून प्रकाशाचे मोजमाप कमानीवरून घ्यावे, चित्र रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात साठवावे आणि सावलीतील बारकावे नंतर संगणकावर उजळून घ्यावेत. ट्रायपॉडसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी आधीच काढावी लागते. ती नसल्यास आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १६०० च्या आसपास ठेवून, कोपरे छातीशी घट्ट धरून, श्वास हळूहळू सोडत बटण दाबावे, परंतु आधारासाठी स्तंभाला मुळीच टेकू नये. छतातील लाकडी फासळ्या सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या आहेत, हे ठाऊक असले की नजर आपोआप वर जाते. शेजारीच एकवीरा देवीचे मंदिर असल्याने रविवारी गर्दी असते. विद्यार्थ्यांचा गट नेणाऱ्यांनी आठवड्यातील मधला वार निवडावा आणि पहिली दहा मिनिटे कॅमेरे पिशवीतच ठेवायला सांगावे.