तालमीतल्या आणि मैदानावरच्या मुलांचा आहार कसा ठरवावा

कोल्हापुरात ‘खुराक’ म्हटले की दूध, तूप, थंडाई आणि मटण डोळ्यांसमोर येते. मात्र तो हिशेब रोज तासन्‌तास मेहनत करणाऱ्या प्रौढ मल्लाचा आहे. 13-14 वर्षांच्या मुलाला एकाच ताटातून सराव आणि वाढ असे दोन्ही खर्च भागवायचे असतात, म्हणून त्याचा आहार वेगळा ठरवावा लागतो.

सर्वप्रथम मूल काय खाते-पिते याची तीन दिवस वहीत वेळेसह नोंद करावी. बहुतेक घरांत असे आढळते की, मूल पहाटे साडेपाचला कपभर चहा पिऊन सरावाला जाते, आठला परतते, घाईने शाळा गाठते आणि त्याचे पहिले खरे जेवण मधल्या सुट्टीत होते. माझ्या मते प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणण्याआधी ही पाच तासांची पोकळी भरावी.

त्यासाठी सरावाच्या अर्धा-पाऊण तास आधी एक केळे किंवा गूळ लावलेली अर्धी पोळी द्यावी. तेलकट काही देऊ नये, कारण स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात. सराव संध्याकाळी असेल, तर पूर्ण जेवण तीन तास आधी झालेले असावे. सरावानंतर तासाभरात दूध आणि पोहे, किंवा अंडी आणि भाकरी मिळायला हवी. कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाचा आपल्याला सार्थ अभिमान आहे, तरीही कच्च्या दुधातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. मुलांना दूध उकळूनच द्यावे.

आता प्रथिनांचा हिशेब. सराव करणाऱ्या मुलाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 1.2 ते 1.8 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 50 किलोच्या मुलाला किमान 60 ग्रॅम. दोन अंड्यांतून 12, दोन पेले दुधातून 13-14, मूठभर शेंगदाण्यांतून 7-8, वाटीभर मटकीच्या उसळीतून 8-9, आमटीतून 5-6 आणि तीन भाकऱ्यांतून सुमारे 15 ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज साठापर्यंत पोहोचते. अंडी न खाणाऱ्यांनी दही, पनीर आणि डाळी वाढवाव्यात. भात-भाकरी मात्र कमी करू नये, कारण ऊर्जा अपुरी पडली की शरीर हीच प्रथिने इंधन म्हणून जाळते.

पाण्यासाठी सरावाआधी आणि नंतर, शक्यतो तेवढ्याच कपड्यांत, वजन करावे. अर्धा किलो घटले असेल, तर पुढच्या काही तासांत 600 ते 750 मिलिलिटर पाणी किंवा मीठ घातलेले ताक प्यायला द्यावे.

मुलींकडे अधिक लक्ष हवे. पाळी सुरू झाल्यावर लोहाची गरज वाढते. म्हणून हरभरा, पालेभाज्या, अळीव असावेत, उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणाबरोबर चहा देऊ नये, कारण चहामुळे लोह कमी शोषले जाते. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर ‘सराव जास्त झाला’ म्हणून ते सोडून देऊ नये. कमी खाण्याचा तो इशारा असू शकतो आणि त्यातून हाडे कमकुवत होतात, म्हणून डॉक्टरांना दाखवावे.

शेवटचा मुद्दा वजनगटाचा, आणि त्याची मला सर्वाधिक काळजी वाटते. खालच्या वजनगटात बसण्यासाठी स्पर्धेच्या आधी पाणी तोडणे आणि जाड कपडे घालून घाम काढणे हे धोक्याचे आहे. 1997 साली अमेरिकेत अशा वजनकपातीत तीन महाविद्यालयीन मल्ल दगावले आणि त्यानंतर तिथले नियम बदलावे लागले. वाढत्या मुलाचे वजन वाढणारच. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीलाच नोंदीची वही घेऊन वस्तादांना भेटावे, मुलाच्या नेहमीच्या वजनाला साजेसा गट ठरवावा आणि पुढे दर महिन्याला उंची-वजन त्याच वहीत लिहीत जावे.