खताच्या खड्ड्यात टाकळा उगवला असेल तर

आमच्या कोकणातल्या नगरपंचायतीचा कचरा डेपो सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, आणि माझी विहीर सड्याखाली. मध्ये नुसता जांभा. वर कुजलेलं जे असेल ते पहिल्या पावसात झिरपत खाली येतं. लागोपाठ दोन वर्षं जूनमध्ये विहिरीच्या पाण्याला घाण वास आला, तेव्हा मी या मागे लागले. तोंडी तक्रारींनी काही झालं नाही, कागद मागितल्यावर झालं. तुम्हालाही करायचं असेल तर कसं ते सांगते.

घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 साली आले. ओला कचरा वेगळा उचलून त्याचं खत किंवा गॅस करणं ही नगरपंचायतीची जबाबदारी, आणि ती पार पडते का हे बघणं राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम. 2016 च्या नियमांप्रमाणे दरवर्षी 30 जूनपर्यंत स्थानिक संस्थेने मंडळाला नमुना 4 मध्ये वार्षिक अहवाल द्यायचा असे. सगळी मेख त्या अहवालात आहे. (1 एप्रिल 2026 पासून त्यांच्या जागी 2026 चे नवे नियम आले आहेत. अर्ज लिहायच्या दिवशी लागू असलेली प्रत काढून क्रमांक आणि तारीख ताडून घ्या.)

अहवाल माहिती अधिकारात मागा. जोडपत्र अ हा अर्जाचा ठरलेला नमुना, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. "कचऱ्याची सर्व माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका. मी लिहिलं होतं: मागील दोन वर्षांचे नमुना 4 मधील अहवाल आणि खतनिर्मिती व विक्रीच्या नोंदवहीच्या प्रती. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. मला अपिलात जावं लागलं.

तोवर डेपोवर जाऊन या, पण एकट्याने नको. गेटवर अडवलं तर माहिती अधिकारात कामाची पाहणी करायचाही हक्क आहे, तसा अर्ज द्या. नारळी पौर्णिमेनंतर मासळी बाजार पुन्हा भरला, तेव्हा वाडीतल्या दोघींना घेऊन मी घंटागाडीच्या मागोमाग वर गेले. गाडीला ओल्या-सुक्याचे दोन कप्पे. घराघरांतून बायका नीट वेगळं करून देतात. वर मागचं फाळकं पडलं आणि कोळंबीची सालं, केळीची पानं, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं एका ढिगात. खताचे खड्डे सहा, त्यातल्या चारांत गुडघाभर टाकळा, पावसाळ्यात आपोआप उगवणारं रान. रोज कचरा पडणाऱ्या खड्ड्यात टाकळा एवढा वाढत नाही. फोटोवर तारीख-वेळ उमटेल असं बघा आणि खड्ड्यांची मापं टेपने घ्या.

मग कागद आले. अहवालात सगळा ओला कचरा खड्ड्यांत जातो असं होतं. ओल्या कचऱ्याचं वजनाने साधारण चौथा-पाचवा हिस्सा खत उरतं. ते गेलं कुठे? विक्रीची नोंदवही कोरी होती.

आता पत्र मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्यांना, प्रती जिल्हाधिकारी आणि मुख्याधिकाऱ्यांना. कागदावर दोन रकाने पाडा: अहवालात काय लिहिलंय, कुठल्या तारखेला प्रत्यक्ष काय दिसलं. मागणी एकच, संयुक्त स्थळपाहणी करून पंचनामा करावा. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. राष्ट्रीय हरित लवादाचा जानेवारी 2020 चा आदेशही पत्रात घाला. नियम न पाळणाऱ्या, 5 लाखांहून कमी वस्तीच्या स्थानिक संस्थांना त्यात 1 एप्रिल 2020 पासून दरमहा 1 लाख रुपये भरपाई ठरवली आहे. घनकचरा आणि सांडपाण्यापायी लवादाने सप्टेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राला 12 हजार कोटी भरायला सांगितले होते.

"कोकणात पाऊस फार, खत होत नाही" असं ऐकवतील. यात तथ्य आहे, उघड्या खड्ड्यात पाणी साचलं की कचरा नुसता सडतो. म्हणून वर पत्र्याची शेड आणि मासळीच्या कचऱ्यावर सुक्या पातेऱ्याचा (पालापाचोळ्याचा) जाड थर, हे पत्रात मागूनच घ्या. नारळाची सोडणं (वरची सालं) मात्र वेगळी ठेवायला सांगा, ती लवकर कुजत नाहीत. आणि वेंगुर्ल्याचं उदाहरण द्या. तिथल्या नगरपरिषदेने कचरा डेपोचं स्वच्छ भारत पर्यटन स्थळ केलं, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला. पाऊस तिथेही आपल्याएवढाच.

आमच्याकडे पाहणी झाली, नोटीस निघाली. मार्चपर्यंत दोन खड्ड्यांवर पत्रे चढले, चार अजून उघडेच आहेत. नवा अहवाल गेला की लगेच माझा अर्ज जाईल.