पाय स्थिर, तरी गाडी हेलकावे खाते?

निपाणी–बेळगाव हायवेवर ॲक्सिलरेटर एकाच जागी धरूनही पेट्रोल गाडी पुढे-मागे झुलत असेल, तर आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारं यंत्र) लावा आणि फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. प्लग बदलायची घाई नको. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ट्रिम +१० टक्क्यांच्या वर, पण २५०० आरपीएमला उतरत असेल, तर बाहेरची हवा आत शिरतेय. इनटेक मॅनिफोल्डचे (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाचे) पाइप आणि गॅस्केटवर कार्ब क्लीनर थोडा-थोडा मारा. आरपीएम बदलला की गळती तिथेच. तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपापासून मात्र लांब, भडका उडतो.

उलट, चोर्ला घाटात लोड वाढेल तशी ट्रिमही वाढली, तर फ्युएल प्रेशर मोजा: फिल्टर तुंबलाय किंवा पंप दमलाय. आत जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर मळला असेल, तर त्याच्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने धुवा, कापडाने पुसू नका.

ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक हलका दाबताच झुलणं थांबलं, तर संशय टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अपवर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचवर.