गोल्फ कार्टचा बॅटरी सेट बदलण्याआधी

इथली मापं ४८ व्होल्टच्या गाडीची आहेत: ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, पाणी घालायच्या लेड-अ‍ॅसिड. आदल्या दिवशी चार्जिंग पूर्ण होऊ द्या आणि चार्जर काढल्यावर किमान सहा तास गाडी हलवू नका. लगेच मीटर लावलात तर मरायला टेकलेली बॅटरीही ठणठणीत दिसते. मार्करने बॅटऱ्यांवर १ ते ६ आकडे घाला आणि वही हाताशी ठेवा.

चार्जिंग संपल्यावरच पाणी बघा. आतल्या शिशाच्या प्लेटा बुडालेल्या हव्यात आणि पाणी टोपणाच्या नळीच्या थोडं खाली. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. प्लेटा उघड्या असतील तर आधी त्या बुडतील इतकंच पाणी घालून चार्ज करा आणि उरलेलं नंतर भरा, नाहीतर चार्जिंगमध्ये पाणी फुगून बाहेर येतं. अ‍ॅसिड घालायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

मग मल्टीमीटर. भरलेली ८ व्होल्टची बॅटरी ८.४८ च्या आसपास दाखवते, अख्खा सेट ५०.९. एखादी ६.३ वर अडकली असेल तर तिच्या चार सेलपैकी (आतल्या कप्प्यांपैकी) एक गेला, कारण एका सेलचे २.१२ व्होल्ट असतात. पण आकडे बरोबर आले म्हणून निर्धास्त होऊ नका. दोन माणसं बसवून गाडी चढावर न्या आणि चालत्या गाडीत दुसऱ्या माणसाला प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज वाचायला लावा. पाच जणी साडेसातच्या वर आणि एक सहावर आली, तर गुन्हेगार सापडला.

खरा निकाल मात्र हायड्रोमीटर, म्हणजे अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी, देतो. चोवीसही सेलची ग्रॅव्हिटी (घनता) घ्या. पाणी घातलं असेल तर एक पूर्ण चार्जिंग होऊ द्या, तोवर नवं पाणी वरच तरंगत असतं. फुगा दोन-तीनदा दाबून सोडा, मग तरंगणारी काडी डोळ्यासमोर धरून वाचा. भरलेला सेल १२६५ ते १२८० दाखवतो. हा आकडा २७ अंश सेल्सिअसचा आहे. उन्हाळ्यात त्यावरच्या दर साडेपाच अंशांमागे चार पॉइंट मिळवा. एकाच बॅटरीतल्या सेलांत ५० पॉइंटांचा फरक, किंवा काढलेलं पाणी तपकिरी-काळपट, म्हणजे आतली प्लेट झडते आहे. सगळेच सेल सारखे कमी असतील तर आधी इक्वलायझिंग चार्ज (भरलेल्या सेटला मुद्दाम दिलेला जादा चार्ज) द्या आणि दर तासाला ग्रॅव्हिटी घ्या. ती वाढायची थांबली की चार्ज बंद करा. तरीही १२२० च्या पुढे जात नसेल तर सल्फेशन, म्हणजे प्लेटांवरचा सल्फेटचा थर, मुरलंय, सेट बदला.

टर्मिनलवरची हिरवी-पांढरी भुकटी मात्र बॅटरी बदलायचं कारण नव्हे. टोपणं घट्ट लावून, खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, ढिले नट आवळा आणि चाचणी पुन्हा करा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. चार्जर लवकर कट होतो का, तेही एकदा बघा.

बदलायचंच ठरलं तर सेट सहा-सात महिन्यांपेक्षा जुना असताना एकच नवी बॅटरी बसवू नका. जुन्या पाच जणी तिला खाली ओढतात. सहाही एका कंपनीच्या, एकाच अँपिअर-अवरच्या (क्षमतेच्या) आणि जवळपास एकाच तारखेच्या मागा. लिथियम घेणार असाल तर चार्जरही त्याला साजेसा लागेल.

जोडणीचा फोटो काढा. किल्ली बंद, टो-स्विच (गाडी ओढून नेताना वापरायचा) असेल तर ‘टो’वर. अंगठी-घड्याळ उतरवा, गॉगल-हातमोजे घाला, पान्ह्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. मुख्य निगेटिव्ह वायर सर्वांत आधी सोडवायची, जोडताना सर्वांत शेवटी. एकेक बॅटरी २८-३० किलोची असते, दोघं आणि उचलायचा पट्टा ठेवा. जुनी बॅटरी डीलरकडे देऊन शिशाची किंमत बिलातून वजा करून घ्या. नवा सेट पूर्ण चार्ज करूनच गाडी काढा आणि पहिल्या काही आठवड्यांत तो अर्ध्याच्या खाली उतरवू नका, कारण पूर्ण ताकद यायला बरेच चार्जिंग लागतात.