मुलाचं ऑपरेशन ठरलंय? आधी मोठ्यांची तयारी

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पावणेसातला आजी देवापुढचा पेढा नातवाच्या हातावर ठेवते. एवढासा प्रसाद, त्यानं काय होतंय! नऊला भूलतज्ज्ञ विचारतात, "सकाळपासून काही खाल्लंस का रे?" मूल खरं ते सांगतं. ऑपरेशन दुपारवर जातं, नाहीतर दुसऱ्या दिवसावर, आणि पोराला पुन्हा उपाशी ठेवावं लागतं.

हर्निया, हायड्रोसील (अंडकोषाभोवती पाणी साठणं), टॉन्सिल अशा ठरवून केलेल्या ऑपरेशनांत गडबड होते ती बहुतेक अशीच, घरातल्या मोठ्यांकडून. म्हणून तयारी मुलाआधी मोठ्यांची करायची. पुढचं सगळं साधारण 2 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी आहे. तुमच्या भूलतज्ज्ञांनी काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

तपासणीला जाल तेव्हा

भूलतज्ज्ञांची तपासणी म्हणजे फिटनेसचा शिक्का नव्हे. त्यांना घरातली माहिती हवी असते आणि ती रिपोर्टात नसते. घरात कुणाला भूल दिल्यावर खूप ताप चढला होता का? ऑपरेशन संपूनही कुणाचा श्वास लवकर सुरू झाला नाही, व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं, असं झालंय का? हा दुसरा दोष आनुवंशिक असतो आणि आर्य वैश्य समाजात तो जास्त आढळतो. तो आधी कळला तर नेमकं एक औषध टाळता येतं. दात पडल्यावर किंवा लहानशा जखमेतूनही रक्त बराच वेळ वाहतं का, रात्री मूल घोरतं का, झोपेत श्वास अडकतो का, तेही सांगा.

विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या कुटुंबांनी सिकलसेलची, म्हणजे रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली आहे का ते पाहावं. झाली नसेल तर करून घ्यावी. सिकलसेलच्या मुलाला फार वेळ तहानलेलं ठेवणं किंवा थंडी वाजू देणं धोक्याचं असतं. हे आधी माहीत असेल तर डॉक्टर सलाईन लवकर सुरू करतात.

दम्याचा पंप आणि फिट्सचं औषध सहसा ऑपरेशनच्या दिवशीही चुकवायचं नसतं. कसं आणि किती वाजता द्यायचं, ते लिहून घ्या. आयुर्वेदिक चाटण, बाळगुटी, जंताचं औषध, जे काही चालू असेल त्याचं नाव घ्या. हलणारा दात असेल तर तो दाखवाच. श्वासाची नळी घालताना तो सुटून श्वासनलिकेत जाऊ शकतो.

मुलाचं वजन त्याच दिवशी, चपला आणि जाड कपडे काढून करा. भूल, वेदनाशामक, सलाईन, सगळ्याचा हिशेब किलोवर चालतो.

सर्दीचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात येतो. नाकातून पातळ पाणी गळतंय पण मूल खेळतंय, जेवतंय, तर बहुतेकदा ऑपरेशन होतं. ताप, पिवळा-हिरवा शेंबूड, कफाचा खोकला, छातीत घरघर यांतलं काही असेल तर ते साधारण 2 ते 4 आठवडे पुढे जातं. अशा वेळी श्वासमार्ग चिडलेला असतो. भूल देताना स्वरयंत्र एकदम आवळलं जाऊन श्वास अडू शकतो. आदल्या संध्याकाळी सर्दीचं सिरप पाजून मुलाला ठणठणीत दाखवणं ही सगळ्यात वाईट युक्ती. त्यापेक्षा आदल्याच दिवशी फोन करा. कुठली लस जवळ आली असेल तर तीही विचारा. लसीचा ताप आणि आजाराचा ताप ऑपरेशनच्या सकाळी वेगळा ओळखता येत नाही.

कागद

सरकारी योजनेतून करणार असाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशनला आधी मंजुरी लागते. रेशनकार्ड, आधार आणि मुलाचा जन्मदाखला घेऊन निदान आठवडाभर आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला, भेटा. रेशनकार्डावर मुलाचं नाव चढलेलं नसणं ही ऐनवेळची नेहमीची अडचण. अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणी करणारं पथक येतं ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. हा कार्यक्रम 2013 मध्ये पालघरहूनच सुरू झाला आणि 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. दोष त्या पथकाने शोधला असेल तर पुढचे उपचारही त्यांच्यामार्फत मोफत होऊ शकतात.

संमतीपत्रावर आई, वडील किंवा कायदेशीर पालकाची सही लागते. काका-मामा घेऊन आले आणि वडील गाडी चालवत नाशिकला निघालेत, असं नको. फॉर्म मराठीत मागा. कुठली बाजू, डावी की उजवी, ते स्वतः वाचा.

मुलाला काय सांगायचं आणि कधी

दोन-तीन वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरतं. त्याला 'पुढच्या बुधवारी' म्हणजे काय ते कळत नाही. चार ते सहा वर्षांच्यांना दोन-तीन दिवस आधी. सात-आठच्या पुढच्यांना आठवडाभर आधी, कारण त्यांना प्रश्न पडतात आणि ते परत परत विचारायला वेळ लागतो.

आता शब्द. 'भूल देणार' हे मोठ्यांना सरळ वाटतं. मुलाला भूल म्हणजे चूक किंवा विसरणं माहीत असतं. 'झोपवणार' म्हटलं तर ते म्हणतं, मला मध्येच जाग आली तर? आणि 'पोट कापणार' म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे विळीवरची भाजी येते. हर्नियाच्या पाच वर्षांच्या मुलाला असं सांगून पाहा:

"तुझ्या जांघेत तो फुगा येतो ना, तिथं आत एक छोटं भोक आहे. डॉक्टरकाका ते बंद करणार. तू त्या वेळी औषधाच्या झोपेत असशील. ती रात्रीच्या झोपेसारखी नसते. कितीही आवाज झाला तरी जाग येत नाही, काही दुखत नाही. काम झालं की काका औषध थांबवतात, मग तू जागा होतोस. तिथं थोडं दुखेल. दुखलं की सांगायचं, औषध मिळतं."

'थोडं दुखेल' हे वाक्य गाळू नका. 'काही दुखणार नाही' असं सांगितलेलं मूल जागं झाल्यावर आईवरच चिडतं आणि पुढच्या ड्रेसिंगला हात लावू देत नाही. सुईचंही तसंच: सुई टोचते, मग ती काढून घेतात आणि हातात राहते ती फक्त मऊ नळी. हे खरंच आहे, पण सलाईन लावलेल्या हातात सुईच आहे या समजुतीने मुलं तासन् तास हात हलवत नाहीत.

सुन्न करणारं मलम मिळेल का, ते विचारा. लिग्नोकेन आणि प्रायलोकेन यांचं हे मलम हाताच्या मागच्या बाजूला जाडसर लावून वर प्लास्टिकची पट्टी चिकटवतात. पूर्ण परिणामाला तासभर लागतो. दहा मिनिटं आधी लावून उपयोग नाही. किती लावायचं आणि कुठे, ते सिस्टरना ठरवू द्या.

घरी बाहुली घ्या. नेब्युलायझरचा मास्क असेल तर उत्तम, नाहीतर कागदी पेला चालतो. आधी बाहुलीला मास्क, मग आईला, शेवटी मुलाला. 'फुगा फुगव' म्हणत पाच-सहा मोठे श्वास घ्यायला लावा. वास येईल, स्केचपेनसारखा, हे सांगून ठेवा. खेळ मुलाला नको असेल तर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी ते स्वतःच बाहुली घेऊन येतं.

आणि घरात एक बंदी घाला: "दंगा केलास तर डॉक्टर सुई देतील" ही धमकी ऑपरेशन होईपर्यंत कुणीच द्यायची नाही. खरं तर नंतरही नाही.

उपाशी ठेवण्याचा हिशेब

भुलीत खोकण्याची, गिळण्याची प्रतिक्रिया बंद असते. पोटातलं वर आलं तर सरळ फुप्फुसात जातं. म्हणून सर्वसाधारण नियम असा: जेवण, बिस्किट, गाईचं-म्हशीचं किंवा डब्याचं दूध 6 तास आधी बंद. आईचं दूध 4 तास आधी. साधं पाणी किंवा पारदर्शक द्रव 2 तास आधी. काही रुग्णालयं पाणी 1 तासापर्यंतही चालू ठेवतात. तेलकट-तुपकट जेवण 6 तासांतही पोटातून पुढे सरकत नाही, म्हणून आदल्या रात्री पुरणपोळी नको, वरणभात बरा.

ऑपरेशन सकाळी 9 ला असेल तर जेवण-दूध पहाटे 3 वाजेपर्यंत, अंगावरचं दूध 5 पर्यंत, पाणी 7 पर्यंत. रात्रीचं जेवण साडेआठ-नऊला व्यवस्थित द्या आणि सकाळी साडेसहाला उठवून वाटीभर पाणी किंवा साखरपाणी पाजा. हे फार लोक करत नाहीत. 'रात्री दहानंतर थेंबही नाही' असं समजून मूल अकरा तास कोरडं ठेवतात. मग ते किरकिरं होतं, शीर सापडत नाही आणि दोन-तीनदा टोचावं लागतं.

पारदर्शक द्रव म्हणजे ज्यातून पलीकडचं दिसतं ते. दुधाचा चहा, ताक, पेज, डाळीचं पाणी, आंब्याचा रस, सगळं जेवणात धरा. शहाळ्याचं पाणी विचारून. मध, गोळी, च्युइंगगम नाही. ही वेळ मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर आणि देवघराच्या दारावर लावा. प्रसाद दुपारनंतर.

आदल्या संध्याकाळी

डोक्यावरून आंघोळ, नखं कापलेली. नेलपॉलिश काढा, बोटांवर मेंदी काढू नका. बोटाला लावलेली चिमटी ऑक्सिजन मोजते, रंगाने आकडा चुकू शकतो. काजळ नको.

करदोटा, वाळे, मनगट्या, गळ्यातला ताईत, सगळं घरीच उतरवा. रक्तस्राव थांबवायला विजेचं उपकरण वापरतात, धातूपाशी त्वचा भाजू शकते. हर्नियात तर करदोटा नेमका ऑपरेशनच्या जागेजवळ येतो. ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारात तिथल्या मावशींनी कात्री लावली की आजीच्या डोळ्यांत पाणी येतं आणि ते पाहून मूल घाबरतं. आजीनेच रात्री तो सोडून डबीत ठेवला तर प्रश्नच उरत नाही. काळा दोरा हवाच असेल तर आईने आपल्या मनगटाला बांधावा.

पिशवीत पुढून उघडणारा सैल शर्ट, सैल चड्डी किंवा फ्रॉक, दोन जास्तीचे कपडे, आवडती गोधडी किंवा आईची वापरलेली ओढणी, एक खेळणं, जुने रिपोर्ट. सोबत दोन मोठी माणसं हवीत: एक मुलाजवळ, दुसरं औषधं आणि कागदांसाठी पळायला. दहा नातेवाईक नकोत.

ओटीच्या दारात

आई किंवा वडिलांना भूल चढेपर्यंत आत थांबू देतात का, ते तपासणीच्या दिवशीच विचारून ठेवा. जाणार असाल तर पाहायला काय मिळेल ते माहीत असू द्या: मास्क लावल्यावर मूल हातपाय झाडू शकतं, डोळे फिरवतं, घोरल्यासारखा आवाज येतो. हे भुलीचे नेहमीचे टप्पे आहेत. दोघांपैकी ज्याला रडू येत नाही, त्याने जावं. आत जाता येत नसेल तर कधीकधी गुंगीचं गोड औषध आधी पाजतात. ते दिल्यावर 20-30 मिनिटांत मूल झुलायला लागतं, त्याला चालू देऊ नका, मांडीवर घ्या. आणि नजर चुकवून पळू नका. "मी दाराबाहेर बसलेय, तू जागा झालास की येते" एवढं सांगा.

जागं होताना आणि घरी

दोन ते पाच-सहा वर्षांची काही मुलं भुलीतून उठताना भयंकर रडतात, आईला ओळखत नाहीत, सलाईन ओढतात. हे दुखण्याचंच असतं असं नाही. अर्धवट जागेपणाचा गोंधळ असतो, बहुतेकदा 10-20 मिनिटांत आपोआप निवळतो. सिस्टरना सांगा, मुलाला पडू देऊ नका, हळू आवाजात बोला. हलवून, ओरडून जागं करण्याचा प्रयत्न करू नका.

हर्नियात बऱ्याचदा पाठीच्या खालच्या टोकाला इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. मग काही तास पाय जड राहतात, मूल उभं राहायला गेलं तर कोसळतं. बधिरपणा उतरायच्या आधीच वेदनाशामक सुरू करायचं असतं. मूल रडायला लागेपर्यंत थांबलात तर दुखणं आवरायला वेळ लागतो.

पॅरासिटामॉलच्या बाटलीत खरी चूक होते. 15 मिलिग्रॅम प्रतिकिलोने 16 किलोच्या मुलाला 240 मिलिग्रॅम लागतं. 5 मिलीत 120 मिलिग्रॅमवाल्या सिरपचे ते 10 मिली, 250 वाल्याचे जेमतेम 5, आणि 1 मिलीत 100 मिलिग्रॅमवाल्या ड्रॉप्सचे फक्त 2.4. ड्रॉप्स चमच्याने पाजले तर 5 मिलीत 500 मिलिग्रॅम जातात. बाटलीवरचा आकडा वाचा, सिरिंजने मोजा, दोन डोसांत निदान 6 तास ठेवा. चिठ्ठीवरचा डोस वेगळा असेल तर फोन करून विचारा.

आधी पाणी, ते राहिलं तर बिस्किट, मग मऊ भात. एक-दोन उलट्या होतात. 'अशक्तपणा आलाय' म्हणून कोंबू नका. घरी दुचाकीवरून नेऊ नका, गुंगीत मान कलंडते. रिक्षा किंवा गाडी, आणि मागच्या सीटवर शेजारी एक मोठं माणूस.

टॉन्सिलचं दुखणं चौथ्या-पाचव्या दिवशी वाढतं, कानातही दुखतं. घशात पांढरी साय, तोंडाला वास, हे ठरलेलं. घसा सुकू देऊ नका, पाणी आणि जेवण चालू ठेवा. पण तोंडातून ताजं रक्त आलं, किंवा झोपेत मूल सारखं गिळताना दिसलं, तर पहिला दिवस असो की आठवा, रात्रीच रुग्णालय गाठा. बाकी ऑपरेशनांत 101 च्या वर ताप, न थांबणाऱ्या उलट्या, आठ तास लघवी नाही, टाक्यांभोवती वाढती लाली किंवा पू, यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

पहिले आठ-पंधरा दिवस मूल अंथरूण ओलं करू शकतं, रात्री दचकून उठतं, आईला चिकटून राहतं. ओरडू नका. चादरीखाली प्लास्टिक टाका आणि रात्रीचा दिवा लावून ठेवा. बाहुली अजून घरात असेल तर मुलाला तिचं ऑपरेशन करू द्या. त्यात ते काय बोलतं ते ऐका, आपलं सांगितलेलं किती पोचलं होतं ते तिथं कळतं.